उन्हाचा जमाखर्च

ऊन फुकट आहे असें आपण सहज म्हणतों; आणि जी वस्तु फुकट मिळते तिचा हिशेब ठेवावा असें कोणासहि वाटत नाहीं. दुधाचा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर असतो, इस्त्रीवाल्याचा वहींत असतो, विजेचा तर दरमहा घरपोंच येतो. उन्हाचा मात्र कोणी मांडीत नाहीं. वाळवणें घालणाऱ्या आमच्या आधींच्या पिढीला चैत्रांतलें ऊन निराळें आणि मार्गशीर्षांतलें निराळें हें पक्कें ठाऊक होतें. कुरडया सुकायला किती दिवस लागतील हें त्या बायका आकाशाकडे पाहून सांगत. पुढें हक्काच्या गच्च्या गेल्या, वाळवणें विकत मिळूं लागलीं आणि तो अदमासहि गेला. अलीकडे आमच्या घराला तो पुन्हां शिकावा लागला, आणि त्याला निमित्त झालें एका मोटारगाडीचें.

माझ्या मामंजींचें वय आज ब्याऐंशी आहे. झोपेंत श्वास मधूनमधून अडकण्याचा विकार त्यांना जडल्यापासून रात्रीं नाकावर मुखवटा बांधून ठराविक दाबाची हवा देणारें यंत्र लावावें लागतें. डॉक्टर त्याला सीपॅप म्हणतात. यंत्र लहानशा डब्याएवढें, पण त्याला रात्रभर वीज हवी. आमचें मूळ घर रत्नागिरी जिल्ह्यांत. गणपति तेथेंच बसतो, आणि भाद्रपदांतल्या वाऱ्यापावसांत एकादें झाड तारांवर पडलें कीं तेथली वीज दोन-दोन दिवस येत नाहीं. त्यामुळें २०२३ व २०२४ अशीं दोन वर्षें मामंजी दादरच्या घरींच राहिले. त्यांनीं तक्रार केली नाहीं. चतुर्थीच्या सकाळीं फोन करून "माटवी बांधली का रे?" एवढेंच ते विचारीत, आणि मग दिवसभर फारसें बोलत नसत. यंदा नेलें नाहीं तर पुढें केव्हां, हा प्रश्न आम्हां सर्वांच्याच मनांत होता. बोलून मात्र कोणी दाखवीत नव्हतें.

गांवच्या घरीं इन्व्हर्टर बसवावा ही पहिली सूचना अर्थातच पुढें आली. परंतु तें घर वर्षांतले दहा महिने बंद असतें, आणि बॅटरी निगेवांचून पडून राहिली कीं निकामी होते. शिवाय चतुर्थीला चार भावांचीं कुटुंबें जमतात, तेव्हां ओटीवरसुद्धां अंथरूण घालायला जागा नसते. वाटेंत महामार्गावर गाड्यांची रांग लागली तर रात्र कोठें काढावी लागेल याचाहि भरंवसा नाहीं. तेव्हां थोरल्या भाऊजींनीं एक जुनी तेरा आसनी गाडी घेऊन तिचें फिरतें बिऱ्हाड करावें अशी कल्पना काढली. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केल्यापासून अशा गाड्यांविषयीं त्यांनीं पुष्कळ वाचलें होतें. गाडीच्या रचनेंत बदल करावयाचा तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें आर. टी. ओ.ची मंजुरी लागते. तें काम भाऊजींनीं अंगावर घेतलें. विजेचें काम पुतण्याच्या व माझ्या वाट्यास आलें. पुतण्याच्या, कारण तो अभियंता आहे. माझ्या, कारण घरचा जमाखर्च गेलीं बावीस वर्षें मी लिहितें.

घरच्या बैठकींत पहिला प्रश्न निघाला तो असा, कीं छतावर किती वॉटचीं पॅनेलें बसवायचीं? कोणी तीनशें म्हणे, कोणी हजार. मीं म्हटलें, मिळकत किती हवी हें ठरवण्याआधीं खर्च किती आहे तो तर लिहूं. मग एकेकाची मागणी कागदावर आली. पुतण्याला वातानुकूलन हवें होतें, जाऊबाईंना विजेची शेगडी, सासूबाईंना खोबरें वाटायला मिक्सर, आणि मुलांना जें जें चार्ज होतें तें सर्व.

येथें एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. वॉट म्हणजे एकादी वस्तु चालूं असतांना किती वीज ओढते तें माप. आणि वॉट-तास म्हणजे दिवसाअखेर तिनें एकंदर किती वीज खाल्ली तें माप. आपल्या बिलांतलें एक युनिट म्हणजे एक हजार वॉट-तास. पांचशें वॉटचा मिक्सर ऐकायला भयंकर वाटतो. पण तो पांच मिनिटें फिरला तर अवघे ४२ वॉट-तास खातो. उलट पंधरा वॉटचा पंखा गरीब दिसतो. असे दोन पंखे दहा तास चालले कीं ३०० वॉट-तास गेले. घरखर्चांतहि असेंच नाहीं का? एकदांच घेतलेला पितळेचा हंडा डोळ्यांत भरतो, आणि रोजची रिक्षा कोणाच्या लक्षांत येत नाहीं.

आमची यादी अखेर अशी झाली. मामंजींचें यंत्र ४० वॉट, आठ तास, म्हणजे ३२० वॉट-तास. हवा ओलसर करणारी त्यांतली तापती पेटी डॉक्टरांना विचारून बंद ठेवायची ठरली. भाद्रपदांतल्या कोंकणी हवेला आणखी ओलाव्याची गरज ती काय? सासूबाईंचें इन्सुलिन व दूध यांसाठीं बारा व्होल्टवर चालणारा लहान शीतपेटीचा खर्च ५००. दोन पंखे ३००, दिवे १००, फोन वगैरे ८०, आणि मिक्सर धरून एकंदर सुमारें १३४० वॉट-तास. एक टनाचें वातानुकूलन यंत्र चालूं असतांना हजार वॉटच्या आसपास ओढतें. मधूनमधून थांबत चाललें तरी एका रात्रींत चार-पांच हजार वॉट-तास खाऊन टाकील. म्हणजे बाकीच्या साऱ्या कुटुंबाच्या तिपटीहून अधिक! तें वगळलें. विजेची शेगडीहि वगळली, कारण स्वयंपाक घरांत होणारच होता. पुतण्याचा चेहरा उतरला तेव्हां मामंजी म्हणाले, "अरे, आम्ही माजघरांत सात जण झोपत होतों, आणि वाऱ्यासाठीं दार उघडें टाकीत होतों."

खर्च ठरला, आतां मिळकत. प्रकाशापासून वीज निघूं शकते हें फ्रान्समध्यें बेकेरेलनें १८३९ सालींच पाहिलें होतें; पण कामास येईल असा सिलिकॉनचा सौरघट अमेरिकेंत बेल प्रयोगशाळेनें १९५४ सालीं दाखवला, आणि तोहि अंगावर पडलेल्या प्रकाशापैकीं सुमारें सहा टक्क्यांचीच वीज करी. आज बाजारांतलीं चांगलीं पॅनेलें वीस टक्क्यांपर्यंत व त्याहूनहि वर जातात. मात्र पॅनेलवर लिहिलेले वॉट हे एका ठराविक कसोटीचे असतात: दर चौरस मीटरला १००० वॉट इतका प्रकाश, आणि सौरघटाचें तापमान २५ अंश. आपल्याकडे भर दुपारीं गाडीच्या पत्र्यावरचें काळें पॅनेल ६५ अंशांपर्यंत सहज तापतें. आणि पंचविसाच्या वर दर अंशाला त्याची शक्ति सुमारें ०.३५ ते ०.४ टक्क्यांनीं घटते. चाळीस अंशांमागें सुमारें पंधरा टक्के गेलेच. ऊन जितकें कडक तितकी वीज अधिक ही समजूत म्हणूनच अर्धीच खरी आहे: पॅनेलला प्रकाश हवा असतो, ताप नको असतो. पॅनेलखालीं हवा खेळायला दोन बोटें जागा ठेवावी ती यासाठींच. आडवें पडलेलें पॅनेल, धूळ, तारांतली गळती हें सर्व धरून आम्हीं लिहिलेल्या आंकड्याच्या ७० टक्केच हातीं येतील असें मानलें.

पूर्ण प्रकाशाच्या तासांत मोजलें तर मुंबईकडे वर्षाची सरासरी दिवसाला सुमारें पांच तासांची पडते. चैत्र-वैशाखांत तो आंकडा सहाच्या वर जातो, आणि ऐन पावसाळ्यांत त्याच्या निम्म्याच्या आसपास येतो. दुकानदारानें सरासरीवर हिशेब केला आणि १८० वॉटचीं दोन पॅनेलें पुरे म्हणाला. त्याचें गणित चुकलेलें नव्हतें; फक्त तें आमचें नव्हतें. सरासरी वर्षाची असते, आणि आम्हांला जायचें होतें भाद्रपदांत. आम्हीं साडेतीन तास धरले. १३४० ला साडेतीननें आणि मग ०.७ नें भागलें कीं ५४७ येतात. तेव्हां १८० वॉटचीं तीन पॅनेलें ठरलीं. जें यंत्र एका रात्रींहि बंद पडूं द्यायचें नाहीं, त्याची तरतूद चांगल्या दिवसाच्या मापानें करून चालत नाहीं. ती वाईट दिवसाच्या मापानें करावी लागते.

आतां सांठवण. मामंजींचें यंत्र रात्रीं चालतें आणि ऊन दिवसा येतें. मधला पूल बॅटरीचा. मुंबईला हा प्रश्न नवा नाहीं. टाटांच्या कंपनीनें १९१५ सालीं खोपोलीची वीज मुंबईस आणली आणि परळ-लालबागकडच्या गिरण्या तिच्यावर फिरूं लागल्या, तेव्हां तिच्या मुळाशीं सह्याद्रीवरचा चार महिन्यांचा पाऊस होता. लोणावळा, वळवण व शिरवटा येथल्या तलावांत तो अडवला म्हणून बारा महिने पुरला. आमच्या गाडीला पांच-सहा तासांचें ऊन चोवीस तास पुरवायचें होतें, एवढाच फरक.

नेहमींची शिशाची १५० अँपिअर-तासांची बॅटरी १२ व्होल्टची म्हणजे कागदोपत्रीं १८०० वॉट-तासांची. पण ती टिकावी असें वाटत असेल तर निम्मीच वापरावी. म्हणजे हातीं नऊशें. वजन पन्नास किलोंच्या वर. शिवाय चार्ज होतांना तिच्यांतून हायड्रोजन वायु निघतो. ज्या बंद जागेंत श्वासाचा रुग्ण निजायचा, तेथें तो नको. आम्हीं लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची, १२.८ व्होल्टची, २०० अँपिअर-तासांची बॅटरी घेतली. तिचे २५६० वॉट-तास होतात. तळाचा पांचवा हिस्सा शिल्लक ठेवला तरी दोन हजार वापरतां येतात, म्हणजे ऊन मुळींच पडलें नाहीं तरी दीड दिवसाची बेगमी. किंमत जास्त, पण वजन निम्म्याहूनहि कमी.

पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्यें जो बसतो तो चार्ज कंट्रोलर. पूर्वीं कोठीच्या किल्ल्या घरांतल्या एका बाईच्या कमरेला असत; आलेलें धान्य किती आंत घ्यायचें आणि कणग भरली कीं केव्हां थांबायचें हें ती पाही. कंट्रोलरचें काम तेंच. बॅटरी भरली कीं तो हात आखडतो. नाहीं तर अति चार्ज होऊन ती खराब व्हावयाची. त्याच्या दोन जाती आहेत. पी. डब्ल्यू. एम. जातीचा पॅनेलला बॅटरीच्याच व्होल्टेजवर ओढून आणतो. आमचें पॅनेल १९ व्होल्टवर सर्वांत अधिक शक्ति देतें आणि बॅटरी १३ च्या आसपास असते. मधले सहा व्होल्ट वायां जातात, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. एम. पी. पी. टी. जातीचा कंट्रोलर पॅनेलला त्याच्या सोयीच्या व्होल्टेजवर राहूं देतो, आणि जादा व्होल्ट मोडून त्यांचे अँपिअर करून देतो. जेथें छत लहान आणि ऊन अपुरें, तेथें हा तिसरा हिस्सा सोडणें परवडत नाहीं.

हें कळल्यावर आम्ही लॅमिंग्टन रोडच्या बाजारांत गेलों. एका दुकानांत फारच स्वस्त कंट्रोलर मिळाला, डब्यावर एम. पी. पी. टी. हीं अक्षरें ठळक छापलेलीं. पुतण्यानें डी. सी. अँपिअर मोजणारा चिमटा बरोबर आणला होता. त्यानें दुकानदाराच्या परवानगीनें पॅनेल फुटपाथवर उन्हांत ठेवलें आणि मोजून पाहिलें: पॅनेलकडून सहा अँपिअर आंत, बॅटरीकडे सहाच अँपिअर बाहेर. खरा एम. पी. पी. टी. असता तर बाहेरचा आंकडा आंतल्यापेक्षां मोठा यायला हवा होता. नांव एक आणि आंतला माल दुसरा! पुढच्या दुकानांतल्या कंट्रोलरनें सहाचे आठ करून दाखवले. वाचकांनीं ही परीक्षा लक्षांत ठेवावी. तिला पांच मिनिटें लागतात.

तेथेंहि आणखी एक गांठ होती. कंट्रोलरवर दोन आंकडे असतात, व्होल्टची मर्यादा आणि अँपिअरची. तीन पॅनेलें एकामागें एक जोडलीं कीं त्यांचे व्होल्ट मिळतात. कांहींहि जोडलेलें नसतांना आमच्या एका पॅनेलचें व्होल्टेज साडेतेवीस, म्हणजे तिघांचें सत्तर. ७५ व्होल्टचा कंट्रोलर स्वस्त होता आणि तो चालेल असें दिसत होतें. परंतु थंडींत पॅनेलचें व्होल्टेज वाढतें, दर अंशाला सुमारें ०.३ टक्के. महाबळेश्वरला माघांतल्या पहाटे पारा पांचावर आला तर सत्तराचे पंचाहत्तर होतील, आणि पहिल्याच किरणांत कंट्रोलर जळेल. लग्न जमवतांना पत्रिका दोन्हींकडच्या पाहतात; येथेंहि पॅनेलच्या पाठीवरची पट्टी आणि कंट्रोलरच्या अंगावरची पट्टी शेजारीं ठेवून वाचल्यावांचून पैसे देऊं नयेत. आम्हीं १०० व्होल्ट व ५० अँपिअरचा घेतला. ५४० वॉटला १३ नें भागलें कीं एक्केचाळीस अँपिअर येतात, म्हणजे तेथेंहि थोडी सवड राहिली. लोहार चाळींतून जाड तार आणि फ्यूज आणले. फ्यूज बॅटरीच्या अगदीं जवळ बसवला, आणि जोडणी करतांना कंट्रोलरला आधीं बॅटरी व मग पॅनेल हा क्रम पाळला.

उन्हावर सारा भार टाकणें मात्र शहाणपणाचें नव्हतें. म्हणून गाडीचें इंजिन चालूं असतांना त्याच्या आल्टर्नेटरवरून ३० अँपिअरनें बॅटरी भरणारें एक उपकरण बसवलें. ताशीं सुमारें ३९० वॉट-तास. चार तासांच्या प्रवासांत एका दिवसाहून अधिक खर्च निघतो. गांवीं वीज असेल तेव्हां भिंतींतून भरून घेण्याचीहि सोय ठेवली. एकाच मिळकतीवर मोठें कुटुंब चालवूं नये हें आम्हांला कोणी शिकवायला नकोच होतें.

२०२५ च्या भाद्रपदांत आम्ही गेलों. गाडी परसांत माडांखालीं लावावी असें सर्वांचें मत पडलें, कारण तेथें चिखल कमी. पुतण्यानें ती खळ्याच्या मध्यभागींच उभी केली. पॅनेलांतले घट एका माळेंत असतात. एका झावळीची सावली थोड्या घटांवर पडली तरी सगळ्या माळेचा प्रवाह मंदावतो. शिवाय वरून नारळ पडला तर हिशेबच संपला. मामंजींनीं प्रतिष्ठा स्वतः केली. आवाज थोडा कांपत होता, पण मंत्र एकहि सुटला नाहीं.

पहिल्या दिवशीं पॅनेलांनीं ९०० वॉट-तास दिले. त्या रात्रीं वादळी पावसांत गांवची वीज गेली ती तीन दिवस आली नाहीं. दुसऱ्या दिवशीं पॅनेलांचे जेमतेम ५०० जमा झाले, तिसऱ्या दिवशीं ६००. तिसऱ्या दिवशीं सकाळीं बॅटरी निम्म्यावर आलेली पाहून सासूबाईंनीं आपणहून शीतपेटी बंद करायला सांगितली. वापरांतलें इन्सुलिन खोलींतल्या हवेंत कांहीं आठवडे टिकतें हें त्यांना डॉक्टरांनीं सांगितलेलें होतें, आणि बाहेर हवा गारच होती. नवी, न उघडलेली कुपी आम्हीं बरोबर आणलीच नव्हती. मिक्सर बंद झाला आणि जाऊबाईंनीं पाटा-वरवंटा काढला. इन्व्हर्टर रिकामा चालूं ठेवला तरी तो स्वतःच तासाला दहा-बारा वॉट-तास खातो, म्हणून तोहि बंद केला. मामंजींचें यंत्र थेट बॅटरीवरून चालेल अशी जोडणी आधींच केली होती. मुलांनीं कुरकुर न करतां फोन मिटले. त्या रात्रीं बाहेर वारा माड वांकवीत होता, आणि गाडींत यंत्राचा तो मंद, एकसुरी आवाज पहाटेपर्यंत चालूं होता. हे जागे होऊन दोनदां तो ऐकून आले. चौथ्या दिवशीं दहाच्या सुमारास ढग फाटले आणि सायंकाळपर्यंत १६०० वॉट-तास जमा झाले.

हें सर्व पॅनेल चांगलें निघालें म्हणून पार पडलें असें मला वाटत नाहीं. काय बंद करायचें आणि कोणत्या क्रमानें, हें आम्हीं दादरलाच एकत्र बसून ठरवलें होतें म्हणून तें पार पडलें. तंगी आल्यावर क्रम ठरवूं गेलें कीं भांडणें होतात. आधीं ठरवला कीं तो सर्वांनाच आपला वाटतो. यंदा कोणा वाचकभगिनीच्या घरीं असल्या गाडीचा, अथवा गांवच्या घरावर पॅनेलें बसवण्याचा, बेत चालला असेल, तर तिनें बाजारांत जाण्याआधीं घरच्या सर्वांना बसवून एक कागद करावा. एका बाजूस प्रत्येक वस्तूचे वॉट-तास, दुसऱ्या बाजूस पावसाळ्यांतल्या दिवसाची मिळकत, आणि खालीं क्रमांक घालून कपातीची यादी. आमची यादी गाडीच्या दारावर आंतल्या बाजूस चिकटवलेली आहे. तींत पहिलें नांव मुलांच्या फोनांचें आहे, दुसरें मिक्सरचें, तिसरें शीतपेटीचें, चौथें पंख्यांचें. मामंजींच्या यंत्राचें नांव तींत नाहीं.